कोपरा कापलेली कार्डं

पुणे, रविवार

चि. सोनी,


तुझी मेल परवा रात्री वाचली. फोन करणार होते, पण फोनवर तू "हो आत्या, हो आत्या" म्हणतेस आणि शेवटी करायचं तेच करतेस. कागदावर लिहिलं की निदान दोनदा वाचशील.

तू इंटरनेटवरच्या तुझ्या पेपरांच्या पानाचा फोटो पाठवलास. पेपर १४, सायटेशन ९६, एच-इंडेक्स ५. खाली एवढंच लिहिलंयस की शेजारच्या टेबलावरच्याचा १७ आहे. आणि मुद्द्याची गोष्ट, नेहमीप्रमाणे, सगळ्यात शेवटी : विभागातल्या दोघांनी सुचवलंय की एकमेकांच्या पेपरवर नावं घालू या, तिघांचेही वर्षाला सहा-सात होतील, बढतीच्या मुलाखतीत फाईल जाड दिसेल. "यात वावगं काय आहे, सगळेच करतात" असंही लिहिलंयस. सगळेच करतात हे खरं आहे. मीही केलंय. त्याबद्दल पुढे लिहिते.

आधी तुझा हिशोब. मी तुझे १४ पेपर उतरत्या क्रमाने वहीत मांडले. पहिल्याला ५१, दुसऱ्याला १४, मग ९, ७, ५, ३, दोन-दोनाचे दोन, एक-एकाचे तीन, आणि तळाशी तीन भोपळे. वरून मोजत खाली यायचं. पाचव्या पेपरला निदान पाच आहेत, सहाव्याला सहा नाहीत, म्हणून तुझा एच-इंडेक्स पाच. ही युक्ती काढली सॅन डिएगोच्या होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने, २००५ साली. त्याच्या आधी जगात विज्ञान चालू होतं, हे तुमच्या पिढीला कधी कधी सांगावं लागतं. त्याचा हेतू वाईट नव्हता. एखाद्याचा एकच पेपर नशिबाने गाजला म्हणून त्याने आयुष्यभर मिरवू नये, आणि नुसता ढीग रचणाऱ्यानेही मिरवू नये, असं मोजमाप त्याला हवं होतं.

पण त्या ५१ कडे बघ. तो तुझा कुठला पेपर? नऊ लेखकांच्या आढावालेखात तुझं नाव नववं आहे. ९६ पैकी निम्म्याहून जास्त सायटेशन अशा लेखाची, ज्यात तू, तुझ्याच शब्दांत, "संदर्भ तपासले आणि दोन परिच्छेद लिहिले". आढावालेख उल्लेखले जातात कारण मूळ वीस पेपर वाचण्यापेक्षा एकाचं नाव देणं सोपं. पद्धत सांगणारे पेपरही तसेच. जगात सर्वांत जास्त उल्लेख झालेला पेपर कुठला माहीत आहे? ऑलिव्हर लौरी आणि सहकाऱ्यांचा, १९५१चा. प्रथिनं मोजायची रीत. तीन लाखांच्या वर सायटेशन. कुठला रोग बरा केला नाही, कुठलं कोडं सोडवलं नाही. पण प्रयोगशाळेत प्रथिनं मोजणाऱ्याला त्याचं नाव घ्यावं लागे. आपला हा पेपर थोर नाही हे लौरीला स्वतःला पक्कं माहीत होतं.

आता दुसऱ्या टोकाला ये. १९५२ साली 'लॅन्सेट'मध्ये दोन पानांचा एक पेपर आला. पहिलं नाव डॉ. य. म. भेंडे यांचं. मुंबईतल्या काही माणसांचं रक्त नेहमीच्या कुठल्याच गटात बसेना, त्याची हकीकत. तोच 'बॉम्बे ब्लड ग्रुप'. आज रक्तपेढीत रात्री दोन वाजता या गटाचा दाता शोधायला फोन फिरतात तेव्हा कोणी भेंड्यांचा उल्लेख करत नाही. करायची गरजच उरली नाही इतका तो शोध सगळ्यांचा झाला. त्याची नोंद तुझ्या त्या पानावर कुठल्या रकान्यात होणार? आणि हर्शच्या रीतीने, एखाद्याने जन्मात असा एकच पेपर लिहिला तर त्याचा एच-इंडेक्स १. तुझ्याहून चार कमी.

म्हणजे आकडे खोटे, असं म्हणतेय का मी? नाही. निवृत्त माणसांनी आकड्यांना नावं ठेवणं फार सोपं असतं. आमच्या बढत्या होऊन गेल्या. मुलाखतीला बसलेल्यांच्या हातात तुझी फाईल दहा मिनिटं असणार, त्यांना काहीतरी मोजावंच लागतं. माझं म्हणणं वेगळं आहे. सायटेशन म्हणजे कोणीतरी तुझ्याबद्दल काहीतरी बोललं. काय बोललं ते वाचायचं सोडून तू डोकी मोजते आहेस.

हे मला फार उशिरा कळलं, एका वकिलाकडून. तुझ्या काकांचे मित्र, हायकोर्टात होते. ते म्हणाले, अमेरिकेत वकिलांकडे एक जाडजूड सूची असते, फ्रँक शेपर्ड नावाच्या माणसाने १८७३ साली सुरू केलेली. एखादा जुना निकाल कोर्टापुढे मांडण्याआधी वकील त्यात बघतो की त्यानंतर कुठकुठल्या निकालांत याचा उल्लेख आला, आणि *कसा* आला : मान्य केला, फेटाळला, की बाजूला सारला. फेटाळलेला निकाल घेऊन उभा राहिला तर समोरचा त्याची चटणी करतो. ही सूची यूजीन गारफील्डच्या डोळ्यांपुढे होती. १९५५ साली 'सायन्स' नियतकालिकात त्याने मांडलं की विज्ञानालाही असं काही हवं, म्हणजे कुणी चुकीचा किंवा मोडीत निघालेला पेपर डोळे मिटून पुढे चालवणार नाही. त्यातून १९६४ साली 'सायन्स सायटेशन इंडेक्स' निघाला. पण वकिलांच्या सूचीत नावापुढे जो शेरा असायचा, तो यात आला नाही. नुसती यादी आली. आणि यादी आली की माणूस मोजणारच. इम्पॅक्ट फॅक्टरचंही तेच. त्या इंडेक्समध्ये कुठली नियतकालिकं घ्यावीत हे ठरवायला काढलेली नियतकालिकाची सरासरी. ती माणसाच्या कपाळी चिकटवली. आपल्या सोसायटीत एक बिल्डर राहतो म्हणून माझं पेन्शन वाढत नाही.

शेरा गेला की काय होतं त्याचं उदाहरण तुला पाठ आहे. वेकफील्डचा १९९८चा 'लॅन्सेट'मधला पेपर, बारा मुलं, गोवर-गालगुंड-रुबेलाची लस आणि ऑटिझम. २०१० साली मागे घेतला गेला. त्याची सायटेशन हजारांत आहेत. त्यातली कितीतरी "हे खोटं आहे" असं सांगणारी. पण मोजणाऱ्या यंत्राला शिवी आणि शाबासकी सारखीच.

याच्या उलटं टोक म्हणजे शंभुनाथ डे. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातले पॅथॉलॉजीवाले. कॉलऱ्याचा जंतू नुसता नाही, तर तो सोडतो ते विष आतड्यातून पाणी खेचून काढतं, हे त्यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधून दाखवलं. जंतू गाळून टाकलेला नुसता द्रव आत सोडला तरी तुकडा पाण्याने टम्म फुगला. १९५९, 'नेचर'. आज हे वाक्य एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाचं पोर सांगतं. पण त्या पेपरकडे जगाचं लक्ष जायला बराच काळ गेला. जोशुआ लेडरबर्ग या जनुकशास्त्रज्ञाने त्यांचं नाव नोबेलसाठी सुचवलं होतं, पण आपल्या देशातल्या एकाही विज्ञान अकादमीने त्यांना फेलो केलं नाही. १९८५ साली ते गेले. पुढच्याच वर्षी त्यांच्या कामाचा माग काढणारा लेख लिहिला कोणी? खुद्द गारफील्डने. ज्याने मोजायचं यंत्र बांधलं, त्यानेच बसून या एका माणसाची गोष्ट सांगितली. मला ही गोष्ट फार आवडते. तुला आवडणार नाही, कारण डे यांना तोवर काही उपयोग उरला नव्हता.

मग जवळचं सांगते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर. सत्तरच्या दशकात ते रायगडात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. कोकणात लाल विंचू चावला की धडधाकट शेतकरी, नाहीतर शाळेतलं पोर, थंड घामाने भिजून, तोंडाला फेस येऊन काही तासांत जायचं. शंभरात तीस-चाळीस जात. बावस्करांकडे काय होतं? एक स्टेथोस्कोप, रक्तदाबाचं यंत्र, आणि रात्रभर पेशंटच्या उशाशी बसायची तयारी. त्यांनी तासातासाला लिहून ठेवलं. घाम, उलटी, गार पडलेले हातपाय, नाडी, रक्तदाब. मग छातीत पाणी. १९८२ साली ते 'लॅन्सेट'मध्ये आलं. विष शरीरातल्या अॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर आणतं, शिरा आवळतात, हृदय थकतं. म्हणजे आवळलेलं सोडवणारं औषध हवं. प्राझोसिन, रक्तदाबाची स्वस्त गोळी. १९८६ला त्याचा पेपर आला. मृत्यू शंभरात एकाच्या आसपास आले.

आता सांग, विंचवाचे पेपर उल्लेखणार कोण? ज्या देशांत विंचू माणसं मारतो ते, म्हणजे बहुतेक गरीब देश, जिथे पेपर लिहिणारे डॉक्टरच कमी. हृदयाच्या स्टेंटवर बोस्टनमध्ये काम करणाऱ्याशी बावस्करांच्या सायटेशनची तुलना करणं म्हणजे सावित्रीच्या खाडीतली होडी आणि न्हावाशेवाचं जहाज एका काट्यावर घालणं. तुमच्या विषयाची बाजारपेठ केवढी यावरच आकडा निम्मा ठरतो. तुझ्या शेजारच्या टेबलाचा विषय मधुमेह आहे ना? मग त्याच्या १७ चं एवढं काय घेऊन बसलीस?

पण बावस्करांचं मला सगळ्यात मोठं वाटतं ते पुढचं. पंचवीस वर्षं ज्या गोळीने त्यांचं नाव झालं, तीच पुरेशी आहे का हे त्यांनी स्वतःच पुन्हा तपासलं. महाडलाच ७० पेशंट घेऊन, निम्म्यांना नुसती गोळी, निम्म्यांना गोळी आणि प्रतिविष. प्रतिविषवाले लवकर बरे झाले. २०११ला 'बीएमजे'मध्ये छापलं. एक प्रश्न आणि तोच मुलूख. सोनी, तुझे १४ पेपर किती विषयांवर आहेत मोजलंस? मी मोजले. नऊ.

आता माझी कहाणी. कुठल्या कॉलेजात ते विचारू नकोस, तुझ्या बाबांनाही सांगितलेलं नाही. मी व्याख्याती होते. विभागातले एक वरिष्ठ म्हणाले, तुमचं नाव घालतोय तिसरं, तुम्हीही पुढच्या वेळी लक्षात ठेवा. मी खूश. हस्तलिखित माझ्या टेबलावर दोन दिवस होतं. मी शीर्षक वाचलं आणि माझ्या नावाचं स्पेलिंग तपासलं. पेपर छापून आल्यावर सहा-सात महिन्यांनी दुसऱ्या शहरातल्या एका डॉक्टरांचं निळ्या इनलँडवर पत्र आलं. दोन ओळी : तक्ता क्रमांक २ मधल्या टक्क्यांची बेरीज १०८ येते, कृपया खुलासा व्हावा. मी तक्ता उघडला. खरंच १०८. वरिष्ठ तोवर परदेशी गेले होते. मूळ रजिस्टर कपाटात मिळालं नाही; मिळालं असतं तरी त्यातलं अक्षर मला लागलं नसतं, कारण मी त्यातला एकही नमुना घेतलेला नव्हता. मी त्या डॉक्टरांना उत्तर पाठवलं नाही. आठवडाभर पाठवीन पाठवीन म्हणत राहिले आणि मग ते पत्र फायलीत गेलं.

गंमत ऐक. माझ्या सगळ्या पेपरांत आजही सर्वांत जास्त सायटेशन त्याच पेपरला आहेत.

वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी लेखक कोणाला म्हणायचं याच्या चार अटी घातल्या आहेत, त्या तुला माझ्याहून चांगल्या माहीत असतील. शेवटची अट कामाची : पेपरमधल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर शोधून द्यायची जबाबदारी घेणं. तुझे दोघे सहकारी चांगले असतील, मी त्यांना ओळखत नाही. पण त्यांच्या तक्ता क्रमांक २ चं उत्तर तू देणार आहेस का? तेवढं विचार आणि मग त्यांना काय सांगायचं ते सांग. "आत्या नाही म्हणते" असं सांगितलंस तरी चालेल. त्या वयाची झाले आहे मी.

आणि तो व्हॉट्सअॅपवरचा मेसेज, "सात दिवसांत पेपर स्वीकृत, पहिल्या लेखकाची जागा शिल्लक", तो पुसून टाक. त्यावर शाई घालवत नाही.

एक व्यवहाराचं. लग्नानंतरच्या तुझ्या तीन पेपरांवर आडनाव वेगळं आहे. माझं तेच झालं होतं. पहिले चार माहेरच्या नावाने, पुढचे सासरच्या. त्या यंत्राच्या लेखी आम्ही दोन बायका आहोत, एकमेकींना न ओळखणाऱ्या, आणि पहिली तरुणपणीच वारली. तुमच्यासाठी २०१२ पासून ऑर्किडचा सोळा आकडी क्रमांक आहे, तो काढ आणि सगळे पेपर एका क्रमांकाखाली आण. कुठलं आडनाव ठेवायचं ते तुझं तू ठरव, पण एकच ठेव. मुलाखतीआधी एवढं केलंस तर त्या तीन पेपरांचाही हिशोब तुझ्याच नावावर होईल, कुणाचं नाव न चोरता.

आता त्या सहाव्या पेपरकडे येते, ज्याला तीन सायटेशन आहेत. स्क्रब टायफसचा. पावसाळ्यात ताप घेऊन आलेल्या पेशंटची काख, जांघ, स्तनांखालची घडी बघितली तर सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली सापडते, आणि ती सापडली की रक्ताच्या रिपोर्टची वाट न बघता डॉक्सिसायक्लिन सुरू करता येतं. हा रोग देणारा बारीक किडा, चिगर, तिथेच चावलेला असतो, आणि तिथेच आपण बघत नाही, कारण वॉर्डात गर्दी असते आणि पडदा नसतो. तुझ्या १४ पैकी हा एकच मी दोनदा वाचला. त्यात तू लिहिलंयस की पडद्याची सोय केल्यावर बायकांमध्ये खपल्या जास्त सापडायला लागल्या. हे वाक्य कुठल्या आढावालेखात सापडणार नाही.

ते तिन्ही उल्लेख मी शोधून वाचले, दुपार गेली. एक तुझाच आहे, तो सोडून दे. दुसऱ्याने तुला कंसातल्या सात नावांत कोंबलंय, वाचलेलं दिसत नाही. तिसरा एका जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरांचा. त्यांनी तुझी तपासणीची पद्धत वापरली, आणि त्यांना सावळ्या कातडीवर खपली ओळखायला अडचण आली, टॉर्च तिरका धरावा लागला, असं लिहिलंय. ते तुला विचारताहेत, सोनी. तीनातला एक माणूस खरोखर तुझ्याशी बोलतोय, आणि तू त्याला "३" म्हणून सोडून दिलंस. त्यांना लिही. दोन जिल्ह्यांचा मिळून पुढच्या पावसाळ्यात अभ्यास करता येईल का ते विचार. मुलाखतीत फाईल उघडून याच पानावर बोट ठेव. समितीत एक तरी माणूस वॉर्डात फिरलेला असतो.

आमच्या वेळी हे सोपं होतं असं नाही, पण दिसायचं वेगळं. १९८४ साली माझा पहिला पेपर आला : मुंबईतल्या निरोगी रक्तदात्यांच्या रक्तात टायफॉइडच्या विडाल तपासणीचा टायटर मुळातच किती असतो. तेव्हा झेरॉक्स महाग, बाहेरचे लोक छापील कार्ड पाठवून पेपरची प्रत मागायचे. मला अकरा कार्डं आली. ती सगळी बिस्किटाच्या डब्यात आहेत, आणि प्रत्येकाचा कोपरा कापलेला आहे, कारण १९९९च्या मे महिन्यात तू आमच्याकडे राहायला आली होतीस आणि तुला तिकिटांचं वेड होतं. मी ओरडले होते, आठवतंय?

त्यातलं एक कार्ड चेकोस्लोव्हाकियातून आलेलं. छापील मजकुराखाली हाताने लिहिलेली ओळ होती. दात्यांपैकी कोणी टायफॉइडची लस घेतली होती का, त्यांना वेगळं मोजलं का? मला कानफटात बसल्यासारखं झालं. विचारलंच नव्हतं. लस घेतलेल्याचा टायटर वर असणारच. परीक्षकांनीही ते पकडलं नव्हतं. पण रजिस्टर माझं होतं, दाते माझ्यासमोर बाह्या वर करून बसलेले. दुसऱ्या दिवसापासून मी एक रकाना वाढवला. तीन वर्षांनी त्या रकान्याचा पेपर झाला. त्या माणसाचं नाव आभारांत घालायचं मला तेव्हा सुचलंसुद्धा नाही, आणि आता कार्डावर नाव अर्धंच उरलंय. बाकीचं तिकिटाच्या पाठीला गेलं.

दिवाळीला येशील तेव्हा तुझी ती तिकिटांची वही आण. बाबांच्या लोखंडी कपाटात वरच्या खणात असेल. डिंकाने चिकटवलेली नसतील तर पाठ वाचता येईल.

तुझी
आत्या